इस्तादचा फौजदार आणि परमुलखातले प्रेक्षक

३० नोव्हेंबर २००८, रविवारची रात्र. बीबीसी वनवर एक नवी मालिका सुरू होते. सुरुवातीलाच पडदाभर पिवळाधमक रंग पसरतो: दक्षिण स्वीडनमधलं फुलावर आलेलं रेपसीडचं शेत, आपल्याकडच्या मोहरीच्या जातकुळीतलं पीक. त्या पिकात एक मुलगी उभी आहे. शेतकऱ्यानं फोन करून बोलावलेला पोलीस निरीक्षक पिकातून वाट काढत तिच्याकडे जातो. आपण पोलीस आहोत हे तो तिला धीर द्यायला सांगतो, आणि ती अधिकच घाबरते. अंगावर पेट्रोल ओतून ती स्वतःला पेटवून घेते. तो धावतो, पण पोचत नाही.

हा निरीक्षक कुर्त वालांदर. भूमिका केनेथ ब्रॅना यांची. संवाद इंग्रजीत, पण रस्ते, शेतं, समुद्रकिनारा, दुकानांवरच्या पाट्या, टेबलावरची वर्तमानपत्रं हे सगळं स्वीडनमधल्या इस्ताद नावाच्या छोट्या बंदराचं. त्याच सुमारास बीबीसीच्याच धाकट्या वाहिनीनं, बीबीसी फोरनं, दुसरा वालांदर दाखवायला घेतला आणि २००९ च्या उन्हाळ्यापासून तो ओळीनं दाखवला. तोही याच गावात चित्रित झालेला, यलो बर्ड या त्याच स्वीडिश कंपनीनं काढलेला. फरक इतकाच की तो स्वीडिश बोलत होता, खाली इंग्रजी सबटायटल्स होती, आणि नट होते क्रिस्टर हेनरिकसन.

स्वीडिश गुन्हेमालिका परदेशात एवढ्या का आवडतात, याची तयार उत्तरं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत: बर्फ, लांबलेली रात्र, दारू पिणारा एकटा पोलीस, निळसर उजेड. 'नॉर्डिक न्वार', म्हणजे उत्तर युरोपातली काळोखी गुन्हेकथा, हे लेबल लावलं की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. मला ही उत्तरं पटत नाहीत, आणि वालांदरचं ब्रिटनमधलं प्रकरण ती तपासून पाहायची चांगली संधी देतं. पात्र एक, गाव एक, निर्माती कंपनी एक, प्रेक्षक एकाच देशातले, काळही एकच. एक मालिका त्या प्रेक्षकांसाठी मुद्दाम बनवलेली, दुसरी स्वीडिश लोकांसाठी बनलेली. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या की कोणती गोष्ट लोकांना ओढत होती ते बऱ्यापैकी वेगळं काढता येतं.

गाव आणि माणूस

वालांदरचे जनक हेनिंग मान्केल १९४८ मध्ये जन्मले आणि २०१५ मध्ये गेले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आफ्रिकेत काढला. मोझांबिकची राजधानी मापुतो इथल्या तेआत्रो आव्हेनिदा या नाट्यगृहात ते कित्येक वर्षं काम करत होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस असाच एक मोठा मुक्काम संपवून ते स्वीडनला परतले, तेव्हा परक्यांबद्दलचा द्वेष लोक उघडपणे बोलून दाखवताना त्यांना दिसले. वंशद्वेष हा गुन्हा आहे, मग त्याच्याबद्दल लिहायला गुन्हेकथेसारखा दुसरा प्रकार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. नायकाचं नाव त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं.

पहिली कादंबरी १९९१ ची. इस्ताद ज्यात येतं त्या स्कोने प्रांतातल्या एका वस्तीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या शेतकरी जोडप्यावर रात्री अमानुष हल्ला होतो. म्हातारी मरता मरता एवढंच सुचवते की मारेकरी परदेशी होते. ही गोष्ट पोलीस चौकीतून बाहेर फुटते आणि निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले सुरू होतात. आता वालांदरपुढे दोन तपास आहेत, आणि दुसरा पहिल्याहून अवघड आहे, कारण त्यातले गुन्हेगार त्याच्या आसपासचेच आहेत.

त्या काळचा स्वीडन डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या मालिकांची चव कळत नाही. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे पत्नीबरोबर सिनेमा पाहून अंगरक्षकाशिवाय चालत घरी निघाले होते. स्टॉकहोमच्या स्वेआव्हेगेन रस्त्यावर त्यांना मागून गोळी घालण्यात आली. तपास २०२० पर्यंत चालला आणि कोणावरही गुन्हा कायम न होताच बंद झाला. सप्टेंबर १९९२ मध्ये चलन वाचवण्याच्या धडपडीत स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं अल्पमुदतीचा व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला, आणि तरीही चलन घसरलंच. १९९१-९२ या दोन वर्षांत स्टॉकहोम आणि उप्सालामध्ये एक माणूस काळ्यासावळ्या लोकांना टिपून गोळ्या घालत फिरत होता. जन्मापासून मरणापर्यंत सरकार तुमची काळजी घेईल, या वचनावर दोन पिढ्या वाढल्या होत्या. ते वचन डोळ्यांदेखत विरत होतं. वालांदरच्या पुस्तकांना 'स्वीडिश अस्वस्थतेच्या कादंबऱ्या' म्हणावं, असं मान्केल यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

ही परंपरा त्यांच्या आधीची आहे. माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्यानं १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलिसाच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या, त्या दहाही मिळून एका समाजाची झाडाझडती घ्यायची हे ठरवूनच. स्वीडनमध्ये पोलिसाची गोष्ट ही सरकारची आणि समाजाची गोष्ट असते, हे तेव्हापासून वाचकांच्या अंगवळणी पडलं होतं.

आता इस्ताद. वस्ती सुमारे २० हजार. लाकडी सांगाड्याची जुनी घरं, दगडी फरसबंदी गल्ल्या. सेंट मारिया चर्चच्या मनोऱ्यावरून पहारेकरी रोज रात्री सव्वानऊपासून एक वाजेपर्यंत दर पाव तासानं तुतारी वाजवतो, सगळं ठीक आहे हे गावाला कळावं म्हणून. पडद्यावर इतके मुडदे पडतात, पण प्रत्यक्षातलं गाव शांत आहे. तरी लेखकानं ते निवडलं त्यामागे हिशेब आहे. इस्ताद देशाच्या दक्षिण टोकाला आहे. धक्क्यावरून पोलंडला आणि डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाला फेरी बोटी सुटतात. बाल्टिक समुद्र ओलांडला की लाटव्हिया आणि लिथुआनिया. दुसऱ्या कादंबरीत रबरी तराफ्यावरून दोन मृतदेह या किनाऱ्याला लागतात ते त्याच दिशेनं. बाहेरचं जग ज्या दारातून आत येतं त्या दारात मान्केल यांनी आपला फौजदार उभा केला.

पैसा कुठून आला

परदेशात मिळालेलं यश हे नशीब होतं, असं समजून पुढे गेलं तर प्रकरण चुकीचं वाचलं जाईल.

पडद्यावरचा पहिला वालांदर रोल्फ लासगोर्ड यांचा. स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीसाठी १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००७ पर्यंत नऊ कादंबऱ्या-कथांवर त्यांनी काम केलं. धिप्पाड, तापट, खाण्यापिण्याचं भान नसलेला हा वालांदर पुस्तकाच्या सर्वात जवळचा आहे, असं मानणारे स्वीडिश प्रेक्षक आजही पुष्कळ आहेत. मग २००३ मध्ये मान्केल स्वतः दोन निर्मात्यांबरोबर यलो बर्ड कंपनीत उतरले. कादंबऱ्या संपत आल्या होत्या, तेव्हा त्यांनी नव्या कथांचे आराखडे दिले आणि पटकथाकारांनी ते फुलवले. २००५ पासून हेनरिकसन यांचा वालांदर आला: आधी १३ चित्रपट, २००९ पासून आणखी १३, आणि २०१३ मध्ये शेवटचे ६. एकूण ३२, प्रत्येक सुमारे दीड तासाचा. काही थिएटरात लागले, बाकीचे डीव्हीडीवर आणि टीव्ही-४ या खासगी वाहिनीवर.

पैशात जर्मनीचा वाटा होता. एआरडी या जर्मन सार्वजनिक वाहिनीसमूहाची देगेतो ही कंपनी सहनिर्माती होती. जर्मन वाचकांनी मान्केल यांना ब्रिटिशांच्या कितीतरी आधी डोक्यावर घेतलं होतं. पुढे ब्रॅना यांच्या मालिकेतही देगेतो आली, शिवाय अमेरिकेतलं बोस्टनचं सार्वजनिक टीव्ही केंद्र. स्कोने प्रांताचा चित्रपट निधी आणि इस्तादची नगरपालिका यांनीही हात सैल सोडला; गावातल्या जुन्या लष्करी छावणीच्या इमारतींत स्टुडिओ उभा राहिला. कलाकार-तंत्रज्ञ महिनोन्महिने गावात राहणार, जेवणार, गाड्या भाड्यानं घेणार, आणि नंतर प्रेक्षक नकाशा हातात घेऊन मारियागातान रस्त्यावरचं वालांदरचं घर शोधत येणार, हे नगरपालिकेनं बरोबर ओळखलं. फ्रिदोल्फ्स या बेकरीत आज वालांदरच्या नावाची निळी पेस्ट्री मिळते.

जर्मनीचा मुद्दा आणखी एका कारणानं महत्त्वाचा. जर्मन टीव्हीवर परदेशी कार्यक्रम डब केले जातात. तिथल्या लाखो लोकांनी वालांदरला कायम जर्मनच बोलताना ऐकलं आणि तरीही तो त्यांना आपलासा वाटला. त्यामुळे स्वीडिश भाषेचा नाद, तिचे हेलकावे हेच आकर्षणाचं मूळ, हे ब्रिटिश समीक्षकांचं आवडतं म्हणणं पूर्ण खरं असू शकत नाही.

दोन चौक्या

ब्रॅना यांच्या मालिकेबद्दल मला मनापासून आदर आहे. पहिल्या मोसमातल्या दोन भागांचं छायाचित्रण अँथनी डॉड मँटल यांचं. त्याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांमधून धावता कॅमेरा घेऊन त्यांनी 'स्लमडॉग मिलियनेअर' चित्रित केला होता आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्यासाठी ऑस्कर घेतलं. मुंबईत जो कॅमेरा गर्दीत घुसमटत होता, तो स्कोनेत येऊन एकदम मोकळा झाला. सपाट जमीन, अर्ध्याहून अधिक चौकट व्यापणारं आभाळ, आणि खालच्या कोपऱ्यात एक माणूस. मालिकेला २००९ चं सर्वोत्तम नाट्यमालिकेचं बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं ते योग्यच झालं.

पण चौकीच्या आत पाहा. ब्रॅना यांचा वालांदर दाढी वाढवलेला, झोप न झालेला, खुर्चीतच लवंडणारा. प्रत्येक मुडदा त्याच्या काळजावर ओरखडा काढून जातो आणि कॅमेरा तो ओरखडा जवळून दाखवतो. सहकारी येतात, माहिती देतात, बाजूला होतात. दालनं ऐसपैस, भिंती देखण्या, माणसं एकमेकांपासून लांब उभी. सगळी मालिका एका माणसाच्या दुःखाभोवती बांधलेली आहे, आणि त्या दुःखाला शोभेल असं आभाळ बाहेर आहे. स्वीडन कसा असेल याबद्दल ब्रिटिश मनात असलेलं चित्र फार कौशल्यानं रंगवलेलं आहे.

आता हेनरिकसन यांची चौकी. इथे सकाळची बैठक असते. लांबट टेबल, कॉफी, कागद. तांत्रिक तपास करणारा नीबेरी नेहमीसारखा वैतागलेला, कारण कोणीतरी पुराव्यावरून चालून गेलेलं आहे. मार्टिन्सनला घरच्या कटकटी आहेत. प्रमुख लीसा होल्गेर्सन यांना वरच्यांना उत्तर द्यायचं आहे. स्वागतकक्षात बसणारी एब्बा सगळ्यांची खबर ठेवून असते. वालांदर बोलतो कमी. ऐकताना मान किंचित खाली घालतो, मग एखादा प्रश्न विचारतो, तोही हळू आवाजात. रागावतो तेव्हा खोली गप्प होते, कारण तो सहसा रागावत नाही. मधूनच कोणीतरी घरी जातं, कोणाला मुलाला शाळेतून आणायचं असतं. खुनाचा तपास हे इथे काम आहे, रोज सकाळी उठून करायचं.

पहिल्या मोसमाचा कणा तर खुनांपेक्षा वेगळाच. वालांदरची मुलगी लिंडा पोलीस प्रशिक्षण संपवून नेमकी बापाच्याच चौकीत रुजू होते. योहाना सेल्स्ट्रम यांनी ती इतकी खरी केली की बापलेकीचं गाडीतलं भांडण हे मागच्या सीटवर बसून ऐकल्यासारखं वाटतं. बाप तिला जपू पाहतो, ते तिला नको आहे. ती चुका करते, त्या त्याला चारचौघांत दाखवाव्या लागतात. स्टेफान लिंडमान या तरुण सहकाऱ्याशी तिचं जुळतं, ते बापाला कळतं आणि तो काहीच बोलत नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये सेल्स्ट्रम वयाच्या ३२ व्या वर्षी गेल्या. लिंडाला नायिका करून मान्केल तीन कादंबऱ्या लिहिणार होते; पहिलीच लिहून झाली होती, पुढच्या दोन त्यांनी सोडून दिल्या. दुसऱ्या मोसमात चौकीत दोन नवे शिकाऊ पोलीस येतात आणि वालांदर समुद्राकाठच्या घरात एकटा राहायला जातो. बीबीसी फोरचे प्रेक्षक पहिला मोसम पाहत होते तेव्हा ती नटी या जगात नव्हती, आणि त्यातल्या अनेकांना ते माहीतही होतं.

हवामानाचं म्हणाल, तर दोन्ही मालिकांत उन्हाळा भरपूर आहे. स्कोने हा स्वीडनचा धान्याचा प्रांत, इथे बर्फ फार टिकत नाही. मघाचं पिवळं शेत आठवा. या पात्राशी जोडलं गेलेलं सगळ्यात भयंकर चित्र भर उजेडातलं आहे. 'अंधार' हे स्पष्टीकरण मला इथेच अपुरं वाटू लागतं.

मग लोक खिळून का बसले?

ब्रॅना यांची मालिका मोठ्या वाहिनीवर, भरपूर जाहिरातीसह आली आणि प्रचंड पाहिली गेली. हेनरिकसन यांची मालिका छोट्या वाहिनीवर, विकत घेतलेला स्वस्त परदेशी माल म्हणून आली. पण जो प्रेक्षक पहिल्या दारातून आत आला त्यातला मोठा गट दुसरीकडे गेला आणि तिथेच रमला. शनिवारी रात्री नऊची बीबीसी फोरची वेळ ही सबटायटल्सवाल्या गुन्हेमालिकांची हक्काची जागा झाली. २०११ मध्ये तिथे डेन्मार्कची 'द किलिंग' आली, २०१२ मध्ये स्वीडन-डेन्मार्कची 'द ब्रिज'. या दोघींचा बोलबाला जास्त झाला, पण ती जमीन आधी वालांदरनं नांगरलेली होती.

जमीन पुस्तकांनीही तयार केली होती. २००१ मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथालेखक संघटनेचा गोल्ड डॅगर पुरस्कार मान्केल यांच्या त्या पिवळ्या शेताच्या कादंबरीला मिळाला. भाषांतरित पुस्तकं इतकी पुढे येऊ लागली की २००६ पासून संघटनेनं त्यांच्यासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. २००८ च्या सुरुवातीला स्टीग लार्सन या दुसऱ्या स्वीडिश गुन्हेकथाकाराची पहिली कादंबरी इंग्रजीत आली. म्हणजे त्या वर्षाअखेर वालांदर पडद्यावर उतरला तेव्हा वाट पाहणारे लोक होते.

तरी वाट पाहणं वेगळं आणि ३२ चित्रपट निष्ठेनं पाहणं वेगळं. माझ्या मते खरी ओढ भरवशाची होती. या मालिकेतली माणसं आपल्या संस्थांवर विश्वास ठेवून जगत आलेली आहेत. समाजकल्याण खात्याची बाई येईल, शाळा लक्ष देईल, पोलीस आपल्याला मारणार नाहीत, सरकारी वकील विकला जाणार नाही. आणि मग एखादी संस्था, एखादा माणूस दगा देतो: आश्रमातला धर्मगुरू, प्रतिष्ठित उद्योगपती, शेजारी, कधी पोलीसच. जिथे कोणी कोणावर विसंबत नाही अशा शहरातला खून बातमी असतो. जिथे लोक दाराला कडी न लावता झोपत होते तिथला खून विश्वासघात असतो, आणि विश्वासघात पाहताना परका प्रेक्षकसुद्धा परका राहत नाही. २००८ च्या शरदात ब्रिटनमध्ये बँका कोसळत होत्या, पेन्शन बुडण्याची भीती होती. मान्केल यांनी १९९० च्या दशकातल्या स्वीडनबद्दल विचारलेला प्रश्न तेव्हा लंडनच्या दिवाणखान्यातही बसला, असं मला वाटतं.

दुसरं, काम करणारी माणसं. ब्रिटिश टीव्हीला सवय होती ती तल्लख निरीक्षक आणि त्याच्या मागून चालणाऱ्या सार्जंटच्या जोडीची. इस्तादच्या चौकीत सहा-सात जण मिळून उत्तर शोधतात, त्यात बायका वरिष्ठ आहेत आणि त्यावर कोणी टिप्पणी करत नाही. वालांदर चुकतो तेव्हा कनिष्ठ माणूस त्याला तोंडावर सांगतो. ज्यानं कुठल्याही कचेरीत चार दिवस नोकरी केली आहे त्याला ही चौकी ओळखीची वाटते आणि थोडा हेवाही वाटतो.

सबटायटल्सनी ब्रिटनमध्ये एक काम नक्की केलं. वाचायचं म्हटलं की नजर हलवता येत नाही. इस्त्री करता करता, फोन चाळता चाळता ही मालिका बघता येत नव्हती. एवढं लक्ष दिल्यावर हेनरिकसन यांचे गप्प क्षण फुकट जात नाहीत. भुवई हलली तरी दिसते. आज मराठी घरांतून मल्याळम गुन्हेपट सबटायटल्स वाचत बघितले जातात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथेही आपण चहाची टपरी, पंचायतीचं ऑफिस, पावसात भिजलेला कॉन्स्टेबल यांच्यासाठी थांबतो.

परक्याला न ऐकू येणारं

हे सगळं मान्य करूनही परदेशी प्रेक्षक काय गमावतो तेही सांगायला हवं. स्कोनेची बोली स्वीडनमध्ये कोणीही पहिल्या वाक्यात ओळखेल अशी आहे. घशातला 'र', लांबवलेले स्वर, थोडी डॅनिश झाक. हेनरिकसन स्टॉकहोमच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरचे, लासगोर्ड थेट मध्य स्वीडनमधल्या ओस्तरसुंदचे. दोघांच्याही तोंडी स्कोनेची बोली नाही, आणि चौकीतल्या बहुतेकांच्या तोंडी नाही. सावंतवाडीच्या ठाण्यात सगळे पोलीस सदाशिव पेठेतलं मराठी बोलावेत तसा हा प्रकार. स्वीडिश प्रेक्षकांना तो खटकला आणि त्यांनी तो बोलून दाखवला. ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन प्रेक्षकाला तो ऐकूच आला नाही. ज्याला परदेशात अस्सल मातीचा वास म्हटलं गेलं, त्यात घरच्या कानांना भेसळ जाणवत होती. परदेशी प्रेक्षकाला जागा खरी लागते, पण ती त्याला डोळ्यांनीच तपासता येते.

डोळ्यांना मात्र फसवता येत नाही, याचा दाखला पुढे मिळाला. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर तरुण वालांदरची मालिका आली. कथा माल्मो या स्वीडिश शहरात, आजच्या काळात, संवाद इंग्रजीत, नायक ॲडम पॉलसन हा गुणी स्वीडिश नट. चित्रीकरण झालं लिथुआनियात. निर्मिती पुन्हा यलो बर्डचीच, तिच्या ब्रिटिश शाखेची. स्थलांतरितांविषयीचा द्वेष, तरुण पोलिसाची घालमेल, सगळा मान्केली ऐवज तिथे होता. गाव तेवढं नव्हतं. रस्ते कोणत्याही युरोपीय शहराचे वाटत होते, चौकीतली माणसं एकमेकांची कोणी लागत नव्हती. २०२२ मध्ये दुसऱ्या मोसमानंतर मालिका थांबली. मालिका थांबायला दहा कारणं असतात, पण ही बघताना मला सतत जाणवत होतं की जगभर चालावी म्हणून तिच्यातून नेमकं तेच काढून टाकलंय ज्यामुळे मूळ मालिका जगभर चालली.

याच्या उलट टोकाचा पुरावा २०१३ चा. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, विंडहॅम्स थिएटरात, हेनरिकसन यांनी 'डॉक्टर ग्लास' हा एकपात्री प्रयोग केला. यालमार सोदरबेरी यांच्या १९०५ च्या कादंबरीवरचा, पूर्ण स्वीडिश भाषेत, वर इंग्रजी ओळी झळकत. पोलीस नाही, इस्ताद नाही, खिडकीपाशी उभा राहून बोलणारा एक माणूस. व्यावसायिक थिएटरात तिकीट काढून लोक आले, कारण काही वर्षं टीव्हीवर त्यांनी या माणसाचं ऐकलं होतं.

दोन्ही वालांदर शेवटी एकाच कादंबरीपाशी येऊन थांबतात: २००९ ची, मान्केल यांची शेवटची वालांदर-कादंबरी. सुरुवातीलाच त्याच्याकडून सरकारी पिस्तूल रेस्टॉरंटमध्ये विसरतं. चौकशी लागते, सगळे थकव्याला दोष देतात, पण तो अल्झायमर्स असतो. हेनरिकसन यांनी या कादंबरीनं तिसरा मोसम २०१३ मध्ये सुरू केला आणि पुढच्या पाच भागांत आजार हळूहळू चढत जाताना दाखवला. सहकाऱ्यांच्या ते कसं लक्षात येतं, कोण सांभाळून घेतं, कोण नजर चुकवतं, हे सगळं. ब्रॅना यांनी २०१६ मध्ये याच कादंबरीवर मालिका संपवली. इथे, एवढ्या उशिरा, त्यांचा वालांदर आभाळाखालून घरात येतो. त्याचा बाप चित्रकार होता, आयुष्यभर एकच निसर्गचित्र काढत बसलेला: कधी त्यात रानकोंबड्यासारखा मोठा पक्षी घातलेला, कधी नाही. मुलगा पोलीस झाला हे त्यानं कधी माफ केलं नाही, आणि शेवटी त्याचीही स्मृती अशीच गेली होती. मुलाला आता त्याच वाटेनं जाताना दाखवण्यात ब्रॅना यांनी जे साधलंय ते हेनरिकसन यांच्या तोडीचं आहे, आणि ते साधलंय नेमकं तेव्हा, जेव्हा देखाव्यापेक्षा घरातल्या माणसांना जागा मिळाली.

नव्यानं बघणाऱ्यानं माझ्या मते हेनरिकसन यांच्या २००५ च्या पहिल्या चित्रपटापासून सुरुवात करावी. कथा थोडी अंगावर येणारी आहे, पण लिंडा तिथेच चौकीत पाऊल टाकते, आणि ती नसेल तर पुढचे मोसम अर्धेच कळतील. रोज एक असं न बघता आठवड्याला एक बघावं. कादंबऱ्या आधी वाचल्या असतील तर लासगोर्ड यांचे नऊ चित्रपट शोधून काढावेत. ब्रॅना यांचे बारा भाग त्यानंतर, आणि मोठ्या पडद्यावर.